एलव्हीएडी बसवल्यावरही दम का लागतो, आणि चालण्याची ताकद वाढवायची कशी

सह्यफिजिओ

हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडलेला पंप, म्हणजे एलव्हीएडी, बसला की रुग्ण घरी येतो. रात्री उशांची चळत लागत नाही, पायांची सूज उतरते. तीन-चार महिन्यांनी घरचे विचारतात, "पंप तर नवाकोरा आहे, मग दुसऱ्या मजल्यावर जाताना अजून धाप का?"

प्रश्न रास्त आहे. सहा मिनिटांत चालून होणारं अंतर पंपानंतर बऱ्यापैकी वाढतं. पण श्वासाचा मास्क लावून पूर्ण दमवणारी चाचणी केली, की कमाल प्राणवायू-वापर, आम्ही ज्याला 'पीक व्हीओटू' म्हणतो, तो बहुतेकांचा ११ ते १५ मिलि/किलो/मिनिट इथेच अडकलेला दिसतो. वयाच्या मानाने अपेक्षित असतो त्याच्या निम्माच. गंमत (खरं तर गंमत नाही) अशी, की हृदयरोपणाच्या यादीत नाव घालताना १४ च्या खाली, बीटा ब्लॉकर (ठोके आवरणारं औषध) चालू असेल तर १२ च्या खाली, हाच आकडा पाहतात. पंप बसूनही माणूस त्या रेषेच्या आसपासच राहतो.

कारण पंपाच्या स्वभावात आहे. निरोगी हृदय विश्रांतीत मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलतं आणि धावताना १५-२० लिटरवर जातं. ठोके वाढतात, आकुंचन जोरकस होतं. हार्टमेट ३ या एलव्हीएडीची फिरकी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेगाने फिरते, समजा मिनिटाला ५४०० फेरे. तुम्ही झोपलेले असा की जिन्यात, वेग तोच. व्यायामात पंपातला प्रवाह वाढतो तो जेमतेम एक-दीड लिटर, तोही शरीराकडून परतणारं रक्त वाढल्यामुळे. वरची भर तुमच्या दुबळ्या हृदयाला महाधमनीची झडप उघडून स्वतःच घालावी लागते.

म्हणून मी रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगतो: पंप आता जास्त देणार नाही. जे वाढवायचंय ते पायांत, श्वासाच्या स्नायूंत, रक्तात आणि उरलेल्या हृदयात.

आमच्या सत्राची पद्धत लिहितो. चुका दिसल्या तर सांगा. आकडे हार्टमेट ३ चे आहेत. एचव्हीएडी हा दुसरा पंप जून २०२१ मध्ये बाजारातून काढून घेतला असला तरी तो अंगात असलेले रुग्ण आहेत, त्यांना हे आकडे लावू नका.

सुरुवातीला कंट्रोलरच्या (पंप चालवणाऱ्या, अंगाबाहेरच्या डबीच्या) पडद्यावरचे चार आकडे वहीत: वेग, प्रवाह, पीआय (प्रवाह ठोक्यागणिक किती वर-खाली होतो तो आकडा), पॉवर (पंपाला लागणारी वीज). मग बॅटऱ्यांचे हिरवे दिवे. एक दिवा म्हणजे साधारण पाव बॅटरी. दोनपेक्षा कमी दिवे असतील तर आधी बॅटरी बदलायची, मगच व्यायाम. पोटातून बाहेर येणारी पंपाची तार, ड्राइव्हलाइन, पट्ट्याने नीट बसली आहे का, ड्रेसिंगची कड सुटली आहे का, तार कुठे ताणली जातेय का, हे सगळं शर्ट वर करून डोळ्यांनी पाहायचं. "ठीक आहे" या उत्तरावर विसंबायचं नाही. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढलंय का? ताप? आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) किती, हिमोग्लोबिन किती?

मग रक्तदाब. नाडी बहुधा हाताला लागत नाही, त्यामुळे घरातलं आपोआप फुगणारं यंत्र कधी एरर दाखवतं, कधी मनाला येईल तो आकडा. डॉप्लरच, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र, वापरायचा. दंडाला हातपंपाचा पट्टा, कोपराच्या खोबणीत थोडं जेल, पेन्सिलीसारखा प्रोब तिरका धरून 'सूं-सूं' आवाज शोधायचा. आवाज बंद होईपर्यंत पट्टा फुगवायचा, वर आणखी २०-३०, आणि मग दर सेकंदाला दोन-तीन पारा या गतीने हवा सोडायची. आवाज परत आला तो आकडा लिहायचा. आम्ही ६५ ते ९० मध्ये असेल तरच सुरू करतो.

आता व्यायाम. पाच ते दहा मिनिटं सावकाश चालणं. मग मुख्य भाग: पहिल्या आठवड्यात तीन-चार मिनिटांचे चार-पाच तुकडे, मध्ये एक-दोन मिनिटं बसून विश्रांती. प्रत्येक सत्रात एकूण एक-दोन मिनिटांची भर. सलग २० मिनिटं जमेपर्यंत वेगाला हात लावायचा नाही. आधी मिनिटं, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी. बोर्गच्या ६ ते २० च्या मोजपट्टीवर श्रम ११ ते १३ मध्ये, म्हणजे 'हलकं' ते 'जरा जड'. बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा दम. आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे, बाकी दिवस घरी चालणं.

शेवटची दहा मिनिटं कधीही कापायची नाहीत. ट्रेडमिल पटकन थांबवला की पायांतलं रक्त पायांतच राहतं, डाव्या कप्प्याकडे परत येणारं रक्त घटतं आणि पंप मात्र त्याच वेगाने ओढत राहतो. कप्प्याची भिंत पंपाच्या तोंडाशी ओढली जाते आणि कंट्रोलर ओरडतो. 'व्यायामात सगळं छान होतं, उतरल्यावर अलार्म वाजला' ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

---

तारवाला

छान धागा. यंत्राच्या बाजूने थोडं.

पडद्यावरचा प्रवाह मोजलेला नसतो. पंपात प्रवाहमापक नाही. वेग आणि फिरकीला लागणारी वीज यांवरून कंट्रोलर तो गणिताने काढतो. रक्ताच्या घट्टपणाने गणित बदलतं, म्हणून हार्टमेट ३ मध्ये हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के) भरून ठेवावा लागतो. महिन्यापूर्वी हिमॅटोक्रिट ३८ भरला, मधे रक्तस्राव होऊन तो २८ वर आला आणि कुणी बदलला नाही, तर पडद्यावरचा प्रवाह चुकीचा. पुनर्वसनाच्या खोलीत असा आकडा पाहून निर्णय घेणं म्हणजे बंद घड्याळात गाडीची वेळ बघणं.

दुसरं, पीआय इव्हेंट. गेल्या १५ सेकंदांच्या सरासरीपेक्षा पीआय ४५ टक्क्यांनी वर किंवा खाली गेला की कंट्रोलर त्याची नोंद करतो, वेग क्षणभर ठरलेल्या खालच्या मर्यादेवर आणतो आणि मग हळूहळू परत चढवतो. रुग्णाला तेव्हा नुसतं 'जरा डोकं हलकं झालं' असं वाटतं, अलार्म वाजत नाही. सत्रानंतर इतिहासात असे दहा-बारा इव्हेंट दिसले तर पाणी कमी पडतंय किंवा वेग जास्त आहे. प्रवाह २.५ लिटरखाली गेला तरच लो फ्लोचा लाल अलार्म वाजतो. तो वाजायची वाट बघत बसू नका.

आणि हो, हार्टमेट ३ दर दोन सेकंदांनी वेग क्षणभर २००० ने खाली आणि २००० ने वर नेतो. पंपात रक्त साचून गुठळी होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. स्टेथोस्कोप लावणाऱ्या नवीन मुलांना तो आवाज बिघाड वाटतो. नाडीशी किंवा व्यायामाशी त्याचा संबंध नाही.

---

कोथरूडची_मावशी

पंप कमी पडतो हे कळलं. मग व्यायामाच्या वेळी वेग वाढवायचा ना सरळ? पाण्याच्या मोटरला करतो तसा.

---

उजवा_कप्पा

मावशी, मोटरची उपमा घेतलीत तर टाकीचाही विचार करायला हवा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? इथे आड म्हणजे हृदयाचा उजवा कप्पा. शरीराकडून आलेलं रक्त फुप्फुसांतून डावीकडे पाठवायचं काम तो एकटा करतो आणि त्याला पंप नाही. डावीकडचा वेग वाढवला की दोन गोष्टी होतात. उजवीकडे परतणारं रक्त वाढतं, म्हणजे त्याचं काम वाढतं. आणि दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे ओढला जातो, त्यामुळे उजव्या कप्प्याचं आकुंचन आणखी लटकं पडतं. काम वाढवलं आणि हात बांधले, असा प्रकार.

श्रमात वेग वाढवून पाहणारे अभ्यास झाले आहेत. प्रवाह थोडा वाढतो, पीक व्हीओटूत मिळकत एक तर नसते किंवा किरकोळ. कायमचा वेग बदलायचा असेल तर इकोखाली (हृदयाची सोनोग्राफी) पायरीपायरीने वेग वाढवत पडदा मध्ये आहे का, झडप अधूनमधून उघडते का, उजवा कप्पा फुगतोय का, हे पाहून ठरवतात. तो निर्णय पुनर्वसनाच्या खोलीत होत नाही.

अजून एक बारकावा. नैसर्गिक डावा कप्पा जितकं जास्त भरतो तितकं जास्त ढकलतो. फिरत्या पंपाची ही समज निम्म्याहून कमी असते. उलट पुढचा दाब, म्हणजे रक्तदाब, वाढला की पंपातला प्रवाह लगेच पडतो. व्यायामात दम लागणाऱ्या कितीतरी रुग्णांचा साधा रक्तदाब सुटलेला असतो. औषध नीट केलं की वेगाला हात न लावता प्रवाह सुधारतो. हे आधी करा.

सह्यफिजिओंच्या यादीत माझी भर. ताकद वाढत नसेल तर व्यायाम वाढवण्याआधी हे तपासा:

हिमोग्लोबिन आणि लोह. पंपातल्या घर्षणाने रक्त गोठायला मदत करणारा व्हॉन विलेब्रँड घटक तुटतो, आतड्यात नाजूक रक्तवाहिन्यांची जाळी तयार होते, त्यात वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध. थेंब थेंब रक्त जात राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. हिमोग्लोबिन ८ असताना ट्रेडमिलवर घाम गाळून काय मिळणार? फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या चाचण्या बघा, कमी असेल तर शिरेतून लोह द्या. एस्पिरिनबद्दल: २०२३ च्या एरीज-एचएम३ चाचणीत हार्टमेट ३ असलेल्यांना एस्पिरिन न देता नुसतं वॉरफरिन दिलं, तर गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव स्पष्टपणे घटला. एस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका, पण विचारा जरूर.

ठोके. पेसमेकर किंवा सीआरटी (दोन्ही कप्पे एकत्र चालवणारा पेसमेकर) असेल आणि श्रमात ठोके ८० वरच बसून असतील, तर रेट रिस्पॉन्स (श्रमाबरोबर ठोके वाढवण्याची सोय) चालू आहे का ते तपासून घ्या. बीटा ब्लॉकरचा डोस जास्त आहे का? अलिंद फडफडतंय, म्हणजे एएफ, आहे का? हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे.

आणि महाधमनीच्या झडपेची गळती. पंप असलेल्यांमध्ये ती काही वर्षांत नव्याने सुरू होऊ शकते. पंपाने ढकललेलं रक्त झडपेतून परत कप्प्यात येतं आणि पंप तेच पुन्हा ढकलतो. पडद्यावर प्रवाह ६ लिटर, पायांत जीव नाही. तारवाल्यांचं बंद घड्याळ इथेही लागू. आकडा चांगला आणि माणूस मलूल, अशी जोडी दिसली की इको करायचा.

---

तारवाला

+१. आकडा वाढला की लोक खूश होतात, तिथेच घात होतो. पॉवर अचानक चढून वर राहिली तर मात्र व्यायामाचा विचारच सोडा, थेट रुग्णालय. गुठळीचा संशय.

---

वाचणारा_एक

व्यायामाने नक्की किती फायदा होतो याचे पुरावे काय आहेत? माझ्या वाचनात निकाल उलटसुलट आलेत.

---

सह्यफिजिओ

उलटसुलट आहेतच.

२०१४ ची रिहॅब-व्हीएडी चाचणी अमेरिकेतली. फक्त २६ रुग्ण, १८ सत्रं, सहा आठवडे. पीक व्हीओटू १३.६ वरून १५.३ वर गेला, पायांची ताकद आणि जगण्याच्या दर्जाचे गुण वाढले. सगळे खूश. मग जर्मनीत मोठी एक्स-व्हीएडी चाचणी झाली, अनेक केंद्रं, १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम. तिथे पीक व्हीओटूतला फरक निर्णायक ठरला नाही. सहा मिनिटांचं अंतर मात्र नुसत्या नेहमीच्या काळजीपेक्षा चाळीसेक मीटरनी जास्त वाढलं आणि शारीरिक मर्यादेचे गुणही सुधारले.

माझा अर्थ असा: आपण वाढवतोय ते इंजिनाची क्षमता नाही, चाकं आणि गिअर. पंपाआधी महिनोन्महिने अंथरुणात गेलेल्या माणसाच्या मांड्या वाळलेल्या असतात. स्नायूंतल्या रक्तवाहिन्या आणि प्राणवायू वापरणारी यंत्रणा आटलेली असते. ती परत आली की तेवढ्याच रक्तात माणूस लांब चालतो. ३० मीटरचा फरक रुग्णाला स्वतःला जाणवतो, ४० म्हणजे चांगलाच.

---

उजवा_कप्पा

सहमत, एक दुरुस्ती. 'इंजिन वाढतच नाही' असं सगळ्यांना लावू नका. काहींचं स्वतःचं हृदय पंपाच्या विश्रांतीने सावरतं, विशेषतः तरुण, आजार अलीकडचा आणि औषधं पूर्ण डोसात असतील तर. अशांचा पीक व्हीओटू खरोखर वाढतो. वाढतोय असं दिसलं तर हृदय सुधारतंय का हे पाहण्याची ती खूणही असते. चाचणी फक्त व्यायामाचा डोस ठरवायला नसते.

---

नाशिककर_पेडल

मग जोरदार व्यायामाचे छोटे तुकडे, म्हणजे हिट, का देत नाही? ऑस्ट्रेलियात छोट्या गटांवर केलंय, गंभीर त्रास दिसला नाही.

---

सह्यफिजिओ

केलंय, आणि निवडक रुग्णांत चालतंही. पण सरसकट नको. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू या साच्यात एका गतीवरून दुसरीवर जाणं अवघड असतं. जोरातून हळूवर येताना मी वर लिहिलेली ओढाताण प्रत्येक फेरीत होते. उजवा कप्पा दुबळा, वारंवार व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठणारे धोकादायक जलद ठोके) येणारा, पाणी कमी पिणारा, अशा माणसाला तिथे नेऊ नका. माझ्या मते आधी सहा-आठ आठवडे मध्यम, पीआय इव्हेंट नगण्य, मग देखरेखीखाली तुकडे. घरी एकट्याने कधीच नाही.

त्यापेक्षा मांड्यांच्या ताकदीकडे जास्त लक्ष द्या. छातीचं हाड जुळायला १२ आठवडे लागतात. तोवर चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही आणि हातांनी रेटून उठायचं नाही. खुर्चीतून हात न लावता उठ-बस मात्र पहिल्या महिन्यापासून चालते: १० च्या दोन फेऱ्या. खुर्ची उंच वाटत असेल तर बसण्याची उंची हळूहळू कमी करा. मग टाचा उचलणं, बसून गुडघा सरळ करणं, अर्धा किलोची वाळूची पिशवी घोट्याला. १२ आठवड्यांनंतर हातांसाठी रबरी पट्टा. जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर केला की छातीतला दाब वाढतो, परतणारं रक्त अडतं आणि लो फ्लो. बद्धकोष्ठतेत कुंथतानाही हेच होतं, हे कुणी सांगत नाही.

श्वासाच्या स्नायूंसाठी स्प्रिंगचं श्वसन-यंत्र: स्वतःच्या कमाल श्वास-जोराच्या ३० टक्क्यांवर सुरुवात, दिवसातून दोनदा ३०-३० श्वास, झेपेल तसं दर आठवड्याला वाढवत ६० पर्यंत. ज्यांना चालणंच जमत नाही त्यांची सुरुवात मी इथूनच करतो.

---

ओहायोकर

इथे मी व्हीएडी कोऑर्डिनेटर म्हणून काम करते, म्हणून सामानाबद्दल लिहिते. ते नीट नसेल तर बाकी सगळं फुकट.

व्यायामाला येताना पिशवीत हवं: जादा कंट्रोलर, दोन भरलेल्या बॅटऱ्या, त्यांच्या क्लिपा आणि रुग्णालयाचा फोन लिहिलेला कागद. जादा कंट्रोलर गाडीत किंवा लॉकरमध्ये ठेवून येणारे भेटतात. तो हाताच्या अंतरावरच हवा.

बॅटरी एका वेळी एकच काढायची. दोन्ही एकदम काढल्या तर कंट्रोलरच्या पोटातली राखीव बॅटरी पंप साधारण १५ मिनिटं चालवते, पण तो वेळ घबराटीत फार लवकर संपतो. व्यायामाने बॅटरी लवकर उतरते का, असं विचारतात. वेग ठरलेला असल्याने फारसा फरक पडत नाही.

ट्रेडमिलवर कंट्रोलर कमरेच्या पट्ट्यात, बॅटऱ्या अंगाला घट्ट बसणाऱ्या जाकिटात. खांद्यावर लोंबणारी पिशवी नको, ती दर पावलाला झुलते आणि तारेला हिसका बसतो. तारेचा एक सैल वेढा कपड्याच्या आत, दांडीत अडकेल असा बाहेर नको. ट्रेडमिलची लाल सुरक्षा-दोरी कपड्याला लावा, कंट्रोलरच्या पट्ट्याला लावू नका. नवीन लोकांकडून ही चूक होते आणि दोरी ताणली की पट्टाच ओढला जातो. सायकलवर बसताना सीट मागे घ्या. पोट मोठं आणि गुडघा वर आला की मांडी ड्राइव्हलाइनच्या तोंडावर घासते.

घाम. पुसून झाल्यावर ड्रेसिंग ओलसर वाटलं तर त्याच दिवशी बदला. ओल्या ड्रेसिंगखाली संसर्ग झाला की महिनोन्महिने अँटिबायोटिक, आणि व्यायाम तर गेलाच.

इथे मेडिकेअर (अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा) डाव्या कप्प्याचा ईएफ (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं) ३५ टक्के किंवा खाली असलेल्या स्थिर रुग्णांना ३६ पुनर्वसन सत्रं देतं. तरी निम्मे केंद्रापर्यंत पोचत नाहीत असं आम्ही बघतो. कारण बहुतेकदा गाडी चालवणारं कुणी नसणं, हेच असतं.

---

कोथरूडची_मावशी

ओहायोकर ताई, उपयोगी. आता आपल्याकडचं विचारते. मांडी घालून जेवायला बसणं? सूर्यनमस्कार? कपालभाती? निर्जळी एकादशी? आणि दिवे गेले तर?

---

सह्यफिजिओ

मावशी, एकेक.

मांडी: बसायला हरकत नाही, उठताना हरकत आहे. जमिनीवरून उठताना माणूस पुढे वाकतो, पोट घडी होते आणि तार तिथेच चेमटते. पाटावर बसा, शेजारी भक्कम स्टूल ठेवा. भारतीय शौचालयात उकिडवं बसणं सुरुवातीला नको, कमोडची खुर्ची आणा.

सूर्यनमस्कार: पूर्ण नको. पालथं पडणं आणि भुजंगासनात पोट ताणणं, दोन्ही ड्राइव्हलाइनला मारक. त्यातल्या हात वर घेऊन ताणण्याच्या क्रिया उभ्याने, सावकाश चालतील. सिट-अप, दोन्ही पाय सरळ उचलणं, कमरेत वजन घेऊन वळणं, विहीर किंवा तलावात पोहणं हे बंदच.

कपालभाती आणि भस्त्रिकाही बंद. पोटाला हिसके बसतात, आणि कुंभकात श्वास कोंडला जातो. अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय, चालेल.

एकादशी: साबुदाणा खा, पण पाणी सोडू नका. पाणी कमी झालं, वर लघवीची गोळी घेतली आणि सकाळी चालायला गेलात, की लो फ्लो ठरलेला. विदर्भात एप्रिल-मे मध्ये नऊच्या आत फिरणं उरका. पाण्याची मर्यादा दिली असेल तर उन्हाळ्यात ती बदलायची का, हे विचारून घ्या. जुलाब झाले त्या दिवशी व्यायाम नाही. मेथी-पालक वर्ज्य नाही, पण दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात, नाहीतर आयएनआर हेलकावे खातो.

दिव्यांबद्दल तारवाला सांगतील.

---

तारवाला

रात्री भिंतीच्या विजेवर मोबाईल पॉवर युनिट. तिथे अर्थिंग खरं आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या. जुन्या वाड्यात तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसरी पिन मोकळी असते. एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि मुलांच्या हाताशी बटण असलेलं सॉकेट तर नकोच. वीज गेली की युनिट ओरडतं, मग आधी दोन बॅटऱ्यांवर यायचं. इन्व्हर्टर चार्जरसाठी ठेवा, पंपासाठी नाही. चार्जर एका वेळी चार बॅटऱ्या घेतो, पूर्ण भरायला चार तासांपर्यंत. भरलेली जोडी हार्टमेट ३ ला नेहमीच्या वेगात १७ तासांपर्यंत जाते, पण बॅटरी जुनी झाली की नाही. ३६० वेळा भरली किंवा तीन वर्षं झाली की बदलायची. गावात दिवसाला आठ-आठ तास वीज नसेल तर जोड्या जास्त घ्या आणि भारनियमनाचं वेळापत्रक चार्जरवर चिकटवा.

स्थिर वीज: कोरड्या हवेत सिंथेटिक कपडे घालून रबरी पट्ट्याच्या ट्रेडमिलवर चाललात आणि धातूला हात लावला की चटका बसतो, तो कंट्रोलरलाही नको. सुती कपडे घाला.

---

वाचणारा_एक

व्यायामात माणूस कोसळला तर? नाडी तर आधीच नाही. छाती दाबायची की नाही यावर दोन मतं ऐकली.

---

उजवा_कप्पा

मतं दोन होती, २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिशा दिली. क्रम असा: प्रतिसाद आणि श्वास बघा, मदतीला हाक मारा. छातीवर कान किंवा स्टेथोस्कोप लावून पंपाची घरघर ऐका. कंट्रोलरचे दिवे, तारेचा जोड, बॅटऱ्या बघा. जोड सुटला असेल तर लावा, कंट्रोलर मेला असेल तर जादा लावा. पंप चालू आहे पण माणूस निळसर-पांढरा, थंड, बेशुद्ध. सरासरी दाब ५० च्या खाली किंवा उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड २० च्या खाली, तर छाती दाबा. पंपाची नळी निसटेल या भीतीने हात आखडू नका, मेंदू वाट बघत नाही. शॉक देता येतो, पॅड पंपावर येणार नाहीत असे लावा. व्हीटीत असूनही रुग्ण शुद्धीत बसून 'जरा बरं नाही वाटत' म्हणू शकतो, कारण डावीकडे पंप ओढतोय. म्हणून पहिल्या काही सत्रांत ईसीजी लावाच. बोटाच्या ऑक्सिमीटरवर भिस्त नको, नाडीच्या लाटेशिवाय तो अंदाजपंचे दाखवतो.

---

कोथरूडची_मावशी

शेवटचं. घरी प्रगती मोजायची कशी? नाडी नाही, घड्याळातले ठोके नाहीत.

---

सह्यफिजिओ

इमारतीचा पॅसेज किंवा गच्ची, ३० मीटर मोजून दोन टोकांना खुर्च्या. महिन्यातून एकदा सहा मिनिटं, दम लागला तर थांबायचं पण घड्याळ चालू. मीटर, थांबण्याची संख्या आणि शेवटचा बोर्गचा आकडा लिहा. दर वेळी तेच बूट, तीच वेळ, तीच पिशवी. पंपानंतर ३०० मीटरच्या खाली राहणाऱ्यांचं पुढचं चित्र तितकंसं चांगलं नसतं, म्हणून तीन महिन्यांनीही ३०० ओलांडले नाहीत तर उजवा_कप्पांची यादी घेऊन भेटीला जा. झेडटीसीसीच्या (अवयव वाटपाचं विभागीय केंद्र) यादीत हृदयाची वाट पाहणाऱ्यांनी हा कागद प्रत्येक भेटीला न्यावा.

आणि जिना: एक मजला, मध्ये न थांबता, किती सेकंद. तो महिन्याला दोनदा, पण कुणीतरी मागून चढत असताना. जादा कंट्रोलरची पिशवी त्यांच्या खांद्यावर.

---

कोथरूडची_मावशी

लिफ्टच्या शेजारच्या भिंतीवर खडूने खुणा केल्या. बत्तीस मीटर निघाले, दोन पुसले.